हॉस्टेलवर राहून कॅथलिक राहायचं, तर नेमकं काय करता?

नंदाखालकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. मी वसईचा, नंदाखालच्या बाजूचा. सध्या पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे वसईचे आणि नगर-श्रीरामपूरकडचे बरेच ख्रिस्ती वाचक दिसतात, म्हणून हा धागा. बाकीच्यांनीही बिनधास्त लिहा. फक्त 'धर्म म्हणजे अफू' एवढं लिहून पळू नका, पुढे काहीतरी लिहा.

गावात असताना कॅथलिक असणं ही गोष्ट कधी माझ्या अंगावर येऊन पडलीच नाही. रविवारी घंटा झाली की आई पांघरूण ओढायची. आळीतली पोरं धर्मशिक्षणाच्या वर्गाला निघाली की मीही त्यांच्या मागोमाग. ऑक्टोबरात घरोघरी रोझरीची जपमाळ, उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) शुक्रवारी क्रुसाची वाट ही प्रार्थना, सणाला बँड. पहिलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद घेणं) झालं, दृढीकरण (विश्वास पक्का करण्याचा संस्कार) झालं, फोटो निघाले, जेवणावळी झाल्या. 'तुझा विश्वास आहे का रे' असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला कधी विचारलं नाही.

इथे अख्ख्या हॉस्टेलात आम्ही दोघेच ख्रिस्ती. दुसरा केरळचा, तो मल्याळम मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो. शनिवारी प्रॅक्टिकल, रविवारी कसली ना कसली टेस्ट. जमेल तेव्हा जातो, तर मिस्सा इंग्रजीत. इंग्रजी कळतं, शिकतोयच इंग्रजीत. पण 'हे आमच्या स्वर्गातील बापा' इंग्रजीत म्हणताना व्हायव्हाला पाठ केलेली व्याख्या म्हणतोय असं वाटतं. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, तर पुण्यात आल्यापासून गेलेलोच नाही. पापं इंग्रजीत कशी सांगायची?

त्यात मित्रांचे प्रश्न. हेतू वाईट नसतो. 'तुम्ही मेरीची पूजा करता ना?' 'तुम्हाला पोर्तुगीजांनी बाटवलं ना?' 'असं आडनाव असून तू एवढं चांगलं मराठी कसं बोलतोस?' तिसऱ्या प्रश्नाला मी हसतो. पहिल्या दोनांना 'तसं नाही रे' म्हणून विषय बदलतो, कारण तसं नाही तर कसं, हे मला सांगता येत नाही. पहिलीपासून धर्मशिक्षण झालं आणि रूममेटच्या एका प्रश्नाला धड उत्तर नाही.

आणि मग रात्री माझे स्वतःचेच प्रश्न सुरू होतात. ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतात.

तुम्ही शिकत होतात तेव्हा काय केलंत? काय टिकलं, काय सुटलं?

रेमेडीची_पोर

मी नर्सिंगला, मुंबईत. आमच्याकडे रविवार नावाचा वारच नसतो, ड्युटी चार्ट असतो. पहिल्या वर्षी मिस्सा चुकली की रडायचे. शेवटी एका फादरांनी सरळ विचारलं, 'वॉर्डात पेशंट सोडून आलीस तर देव खूश होईल का?' आजारी माणसाची सेवा, तान्ह्या बाळाचं करणं, अशा गंभीर कारणाने मिस्सा राहिली तर ते पाप नाही. हे चर्चच्या धर्मशिक्षणातच लिहिलंय, मला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

आता चार्ट लागला की मी आधी शनिवार बघते. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारची जबाबदारी पूर्ण होते. तुझ्या टेस्टवरचा उपाय हाच.

राखेच्या बुधवारची (उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात) गंमत सांगते. सकाळी राख लावून ड्युटीवर गेले, तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'कपाळ धुऊन ये, इन्फेक्शन कंट्रोल आहे इथे.' मला वाईट वाटलं. संध्याकाळी पुन्हा शुभवर्तमान उघडलं. त्या दिवशी मत्तयाच्या ६ व्या अध्यायातलं वाचन असतं, आणि त्यात प्रभू सांगतो की उपवास करशील तेव्हा तोंड धू, लोकांना दिसू देऊ नकोस! म्हणजे त्या दिवशी वाचनाप्रमाणे वागायला लावलं ते त्या हिंदू सिस्टरनीच.

अश्रद्ध_अनंत

अफू लिहीत नाही, घाबरू नका. पण तुम्हीच लिहिलंय की आई पांघरूण ओढायची म्हणून जात होतो. आई बाजूला झाली आणि जाणं थांबलं. मग ही श्रद्धा होती की सवय? सवय गेली तर जाऊ द्या. मीही घरची संध्या सोडली, काही बिघडलं नाही. उत्तरं येत नाहीत, म्हणजे कदाचित उत्तरं नसतील. ही शक्यता तुम्ही धाग्यात धरलेलीच नाही.

नंदाखालकर_पुण्यात

@अनंत, धरली आहे. रात्रीचे प्रश्न म्हटलं ते हेच. पण मला न समजलेली गोष्ट सोडायची नाही. सोडायचीच झाली तर समजून सोडेन.

आगाशीचे_मास्तर

बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले आहेत, तेव्हा दोष थोडा आमच्याकडेही येतो. आपल्याकडे दृढीकरण म्हणजे निरोपसमारंभ झालाय. पोरगा गणितात कलनापर्यंत पोहोचतो आणि धर्मात चौथीच्या पुस्तकावर थांबतो. मग रूममेटने प्रश्न विचारला की चौथीतलं उत्तर तोंडावर येतं आणि त्याचं त्यालाच हसू येतं.

आधी नियम सांगतो, कारण आपले लोक नियम ऐकीव पाळतात आणि मूळ नियम ऐकीव नियमांपेक्षा बरेच माणुसकीचे असतात. मांस वर्ज्य करणं १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं. उपवास १८ पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. उपवास म्हणजे एक वेळ पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं काही. उपाशी राहून लॅबमध्ये चक्कर येऊन पडावं असं चर्चने कुठेही म्हटलेलं नाही. सक्तीचे उपवासाचे दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. पापनिवेदन गंभीर पापांसाठी वर्षातून किमान एकदा, आणि कोणत्याही अधिकृत धर्मगुरूकडे. तुमच्याच पॅरिशच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) फादरांकडे गेलं पाहिजे असं बंधन नाही.

भाषेचं म्हणशील तर पापनिवेदन तुला येते त्या भाषेत करता येतं. धर्मगुरूला ती येत नसेल तर दुभाष्या घेण्याचीसुद्धा सोय चर्चच्या कायद्यात आहे, आणि दुभाष्यालाही गुप्ततेचं बंधन आहे. पण पुण्यात दुभाष्या कशाला? तिथे सेमिनरी (फादर घडवणारी संस्था) आहे, जेझुइट संघाच्या फादरांचं शनिवार पेठेत स्नेहसदन आहे. मराठी जाणणारा फादर शोधायला गेलास तर सापडेल. फोन करून वेळ माग, रांगेत उभं राहून घाई करू नकोस.

मारियेच्या (मेरीच्या) पूजेच्या प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं आहे आणि रोज तुझ्या तोंडात असतं. 'नमो मारिया'चा दुसरा भाग आठव. त्यात तिच्याकडे आपण काय मागतो? आम्हां पाप्यांसाठी विनंती कर. परीक्षेच्या आदल्या रात्री तू आईला 'माझ्यासाठी प्रार्थना कर' असा फोन करतोस ना, त्याच जातीचं हे मागणं. आराधना फक्त देवाची. आता आपल्या गावच्या सणात मिरवणूक पाहून कुणाचा गैरसमज झाला तर त्याला मी दोष देणार नाही, ती गोष्ट वेगळी.

किल्लाबंदर

बाटवण्याच्या प्रश्नावर लिहितो, इतिहास माझा विषय.

वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत धर्मांतरं झाली. काही मनाने, काही फायद्यासाठी, काही दडपणाखाली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. यावर पांघरूण घालू नकोस आणि रूममेटशी वाद घालून त्याचं समर्थनही करू नकोस. सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती माणसांनी केलेल्या सक्तीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली जाहीर क्षमा मागितली आहे.

मात्र पुढचा प्रश्न त्याला तू विचार. १७३९ नंतर वसईत पोर्तुगीज सत्ता नव्हती. मराठ्यांचं राज्य होतं, ख्रिस्ती राहण्यात लाभ काडीचा नव्हता. तरी आपले पूर्वज ख्रिस्ती राहिले. का? खापरपणज्याच्या वेळी काय घडलं यापेक्षा मला हा भाग जास्त विचार करण्यासारखा वाटतो.

रूममेट पुण्याचा असेल तर त्याला नाना पेठेतलं सिटी चर्च दाखव. १७९२ चं आहे, जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली. पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती अधिकारी होते, त्यांना मिस्सेची सोय हवी होती. शहरात आपण कुणी काल आलेलो नाही.

प्रवराकाठ

वसईकरांचा हा 'आमच्या गावात सगळं आपोआप व्हायचं' सूर वाचला की मला थोडा राग येतो. खरंच सांगते.

मी श्रीरामपूर तालुक्यातली. आमच्या वस्तीवर फादर महिन्यातून एकदा यायचे, पावसाळ्यात तेही नाही. मिस्सा समाजमंदिराच्या ओट्यावर. बाकीचे रविवार आजी भजनं म्हणायची, तिला वाचता येत नव्हतं, सगळं पाठ. वर्षातला मोठा दिवस म्हणजे सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची (मारियेची) यात्रा. तिथे आमचे शेजारचे हिंदू, बौद्ध सगळे नवस घेऊन यायचे. दर रविवारी मिस्सेला जाता येतं हे मला कॉलेजसाठी पुण्यात आल्यावर पहिल्यांदा कळलं. तुझं इथे येऊन सुटलं, माझं इथे येऊन सुरू झालं.

दुसरी गोष्ट. तुला आडनावावरून विचारतात. माझं नाव-आडनाव ऐकून कुणी काही विचारत नाही, धर्माचा रकाना आला की विचारतात. प्रवेशाच्या वेळी खिडकीवरचा माणूस कागद उलटसुलट करून मोठ्याने म्हणाला, 'ख्रिश्चन? मग सवलत कशाची मागताय?' मागे लाइन उभी. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत धरतात. जात गावाने काढून घेतली नाही, कागदाने तेवढी काढून घेतली. घरात कितीदा बोलणं झालं की कागदोपत्री हिंदू राहू, शिष्यवृत्ती मिळेल. ओळखीतल्या काहींनी तसं केलंय आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, फी मलाही भरावी लागते. वडिलांनी नाही केलं. त्यामुळे 'श्रद्धा की सवय' हा अनंतरावांचा प्रश्न आमच्या घरी जरा वेगळा येतो. सवयीसाठी कुणी एवढी फी भरत नाही.

अश्रद्ध_अनंत

@प्रवराकाठ, हे मान्य. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण तुम्हाला तो लागू होत नाही.

शेजारचा_जोशी

माझा रूममेट वांद्र्याचा कॅथलिक होता, म्हणून लिहितो. आमच्या मेसला बुधवार-शुक्रवार चिकन. राखेचा बुधवार बुधवारीच येणार, उत्तम शुक्रवार शुक्रवारीच, म्हणजे पठ्ठ्याचं नशीबच खोटं. त्या बुधवारी त्याने माझं पनीर घेतलं आणि त्याचं चिकनचं टोकन तिसऱ्याला मिळालं. मी त्याला म्हटलं साबुदाण्याची खिचडी घे, तर म्हणे भात-पोळी चालते. आणि मासेही चालतात! उपवासाला मासे चालणारा धर्म आमच्या आजीला सांगितला असता तर ती मालवणची असल्याने लगेच विचारात पडली असती.

शंका: मासे का चालतात?

आगाशीचे_मास्तर

@जोशी, नियम जमिनीवरच्या प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या मांसाचा आहे. जुन्या काळी युरोपात मांस म्हणजे मेजवानी, मासळी म्हणजे गरिबाचं जेवण. वसईत हा हिशेब पार उलटा होतो हे मला मान्य आहे. उत्तम शुक्रवारी पापलेट खाऊन कुणी प्रायश्चित्त केलं असं म्हणू नये.

ज्योतिर्विद्यार्थी

भौतिकशास्त्रात पीएचडी करतोय, कॅथलिक आहे, आणि वर्षातून दोनदा तरी कॉन्फरन्सच्या जेवणात 'तू हे दोन्ही कसं काय?' हा प्रश्न येतो.

महास्फोटाची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतंय हा त्याचा निबंध १९२७ चा, 'आदिम अणू' १९३१ चा. हे आपल्या लोकांना आवडतं, व्हॉट्सअॅपवर फिरतं. त्यापुढचं फिरत नाही. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या सिद्धान्ताला निर्मितीच्या श्रद्धेशी जोडलं, तेव्हा लमेत्रला ते अजिबात रुचलं नाही. त्याचं म्हणणं, माझा सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, उद्या चूकही ठरेल, त्याच्यावर देव टेकवू नका. मला तो यासाठी आवडतो. सकाळी मिस्सा अर्पण करणारा माणूस दुपारी समीकरणात देव घुसवत नाही.

गॅलिलिओबद्दल विचारलं तर सरळ सांग: १६३३ चा निकाल चुकीचा होता, आणि चर्चने त्या प्रकरणातली चूक १९९२ मध्ये जाहीरपणे मान्य केली. साडेतीनशे वर्षं लागली, लाज वाटण्यासारखंच आहे.

आता तुझे रात्रीचे प्रश्न. न्यूमन नावाचे इंग्लंडचे मोठे विचारवंत, ऑक्सफर्डमध्ये बरीच वर्षं काढलेले, १८४५ मध्ये कॅथलिक झाले. ते अडचण आणि संशय यांत फरक करतात. एखादं गणित सुटत नाही म्हणून तू गणितावरचा भरवसा सोडत नाहीस, सुटत नाही याने अस्वस्थ होतोस. अशा अडचणी कितीही असल्या तरी त्यांची बेरीज संशय होत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून माझे प्रश्न संपले नाहीत. लहान मुलं का मरतात याचं उत्तर मला आजही माहीत नाही आणि फादरांनी दिलेली उत्तरं मला पटत नाहीत. पण प्रश्न पडला म्हणजे मी बाहेर पडलो, ही भीती गेली.

क्रुसाच्या_पायथ्याशी

सगळे मिळून पोराला सवलतीच सांगताय. शनिवारची मिस्सा चालते, पाणी चालतं, दुभाष्या चालतो. जपानात सुळावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. १५९७ मध्ये नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यातले एक. त्यांनी सवलत मागितली का? तुम्ही रविवारी अकरापर्यंत झोपता आणि टेस्टचं कारण सांगता. मॅच असली की बरोबर उठता.

नंदाखालकर_पुण्यात

@क्रुसाच्या_पायथ्याशी, मॅचचं खरं आहे, गप्प बसतो.

रेमेडीची_पोर

@क्रुसाच्या_पायथ्याशी काका, नाइट करून सकाळी आठला सुटलेल्या मुलीला गोन्सालो गार्सियांचं उदाहरण देऊ नका, प्लीज.

फक्त_वाचक

विषयांतर आहे, क्षमस्व. मी कॅथलिक, मैत्रीण हिंदू, दोघेही शेवटच्या वर्षाला. चर्चमध्ये लग्न होऊ शकतं का, की तिला बाप्तिस्मा घ्यावाच लागतो? घरी विचारायची सोय नाही.

आगाशीचे_मास्तर

तिला बाप्तिस्मा घ्यायची सक्ती नाही. बिशपांची परवानगी लागते. तू तुझा विश्वास सोडणार नाहीस आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून शक्य ते सगळं करशील, असं वचन तू द्यायचं. तिने कसलंही वचन द्यायचं नसतं, पण तुझं वचन तिला माहीत असलंच पाहिजे. ते लग्नाच्या आठवड्यात सांगू नकोस, आत्ताच सांग. बाकी आधी डिग्री घे.

डोंगरवाटा

इथवर सगळी चर्चा मिस्सा, उपवास आणि उत्तरं यांवर चालली आहे. कुणी गरिबांचं नाव काढलं नाही म्हणून लिहायला बसलो.

७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी दोन तरुणांना संत जाहीर केलं. कार्लो अकुतिसचा फोटो एव्हाना प्रत्येक पॅरिशच्या नोटीस बोर्डावर आहे, कारण तो जीन्स-स्नीकर्समधला कॉम्प्युटरवाला मुलगा. दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष नाही आणि माझ्या मते विद्यार्थ्यांचा संत तोच. पिएर जॉर्जो फ्रासाती, तुरीनचा. इंजिनीअरिंगचाच विद्यार्थी, शाखा मायनिंग, कारण त्याला खाणकामगारांमध्ये काम करायचं होतं. अभ्यासात चमकणारा नव्हता, रखडत शिकला. बाप बड्या वृत्तपत्राचा मालक आणि धर्माच्या बाबतीत उदासीन. पोरगा गाडीभाड्याचे पैसे कुणाला तरी देऊन टाकायचा आणि पायी घरी यायचा. सुट्टीत आल्प्समध्ये डोंगर चढायचा, मित्रांच्या खोड्या काढायचा. २४ व्या वर्षी, १९२५ मध्ये पोलिओने गेला. अंत्ययात्रेला तुरीनच्या गरीब वस्त्यांतले लोक लोटले, तेव्हा घरच्यांना कळलं की हा इतकी वर्षं कुठे जात होता.

तो ज्या संत विन्सेंट दी पॉल संस्थेत काम करायचा तीही विद्यार्थ्यानेच काढलेली. १८३३, पॅरिस, फ्रेडरिक ओझानाम, वय २०. वादसभेत कुणीतरी त्याला टोकलं की तुमच्या चर्चने पूर्वी मोठी कामं केली असतील, आज तुम्ही काय करता? त्यावर त्याने प्रतिवादाचं भाषण तयार केलं नाही. मित्राला सोबत घेऊन एका गरीब घरी सरपण पोचवलं.

ही संस्था आपल्याकडेही पॅरिशमध्ये असते. मिस्सेनंतर बाहेर टेबल लावून काका लोक बसलेले असतात, आपण शेजारून निघून जातो. पुण्यात शिकताना मी सहज नाव दिलं. काम म्हणजे काय, एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन बाईंच्या घरी दर पंधरवड्याला तांदूळ, तेल आणि औषधं पोचवायची. त्या चहा करायच्या, मी नको म्हणायचो, त्या रागवायच्या. कपाला कान नव्हता, त्यामुळे बशीतूनच प्यावा लागे. रेल्वेतल्या नवऱ्याच्या गोष्टी सांगायच्या, त्याच त्याच. सबमिशनच्या आठवड्यात जायला जिवावर यायचं. मिस्सा माझ्याकडून चुकायची, हे सहसा चुकायचं नाही, कारण तिथे कुणीतरी खरंच वाट बघत असायचं. काही महिन्यांनी मिस्साही चुकेनाशी झाली. याचं कारण मला नीट सांगता येणार नाही.

अश्रद्ध_अनंत

हे काम मला आवडलं. यासाठी देव मानावा लागतो का?

डोंगरवाटा

@अनंत, नाही. टेबलावर फॉर्म असतो, हिंडायला माणसं नेहमीच कमी पडतात. या.

नंदाखालकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार. मास्तर, शनिवार पेठेत फोन करतो. किल्लाबंदर, तो १७३९ नंतरचा प्रश्न काल रूममेटला विचारला. तो म्हणाला 'बघू, आजोबांना विचारतो', म्हणजे पुण्याकडून उत्तर यायला वेळ लागेल. ज्योतिर्विद्यार्थी, लहान मुलांच्या प्रश्नावर तुम्हाला वेगळं लिहिणार आहे, इथे नको.

@प्रवराकाठ, राग रास्त आहे. तुम्ही पुण्यात कुठल्या मिस्सेला जाता? मराठी मिस्सा कुठे असते ते सांगाल का? शनिवारी मी नाना पेठेत जातोय, रूममेटला ते १७९२ चं चर्च बघायचंय.

प्रवराकाठ

राग गेला, तुम्ही-बिम्ही करू नकोस. मराठी मिस्सेची वेळ बदलत असते, ऑफिसात विचारून सांगते. शनिवारी मीही येते. रूममेट शाकाहारी आहे का? नंतर कॅम्पात खायचं ठरवू, त्यावरून जागा ठरेल.

शेजारचा_जोशी

शाकाहारी रूममेट असेल तर चिकनच्या टोकनची सोय आधीच लागली म्हणायची.